सैल सदरा

होळी पेटून गेली की ठाण्याच्या राम मारुती रोडवर आणि डोंबिवलीच्या फडके रोडवर दुकानांच्या काचा एका रात्रीत बदलतात. जाड कापडाची जाकिटे घातलेले पुतळे आत जातात आणि फिकट पिस्ता, मातकट, दुधी, आकाशी अशा रंगांचे सदरे घातलेले पुतळे त्यांच्या जागी उभे राहतात. त्यांच्या डोक्यावर ‘स्प्रिंग-समर’ अशी पाटी असते. ही जोडी वाचून मला दर वर्षी गंमत वाटते. ज्या देशांत ती जन्मली तिथे हिवाळ्याचे ओझे अंगावरून हळूहळू उतरवावे लागते. आधी कोट जातो, मग स्वेटर, आणि जून उजाडता उजाडता माणूस नुसत्या सदऱ्यावर येतो. आमच्या खाडीकाठी वसंत असतो तो पहाटेपुरता. पाच वाजता डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहावे तर अंगाला गार वारा लागतो, कुठेतरी कोकिळ ओरडत असतो. साडेआठच्या लोकलपर्यंत वसंत संपलेला असतो आणि पुढे मृगाचा पाऊस येईपर्यंत जे काही असते त्याला उन्हाळा याखेरीज दुसरे नाव नाही.

तरीही त्या काचांपाशी मी रेंगाळतो. गेल्या काही उन्हाळ्यांत पुरुषांच्या पेहरावात जो बदल झाला तो एका शब्दात सांगायचा तर सैलपणा. पायांना चिकटलेल्या पँटी मागे पडल्या. खांद्याची शिवण दंडापर्यंत उतरलेले ऐसपैस टी-शर्ट आले. कमरपट्ट्याऐवजी नाडी असलेल्या पँटी आल्या, माझ्या वडिलांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हा तर लेंगाच की!” केळीच्या पानांएवढ्या पानांची छपाई असलेले अर्ध्या बाह्यांचे शर्ट आले, आणि ज्याची किंमत पाहून पाऊल मागे घ्यावे असे लिनन आले. पुरुषांच्या कपड्यांवर कोणी लेख लिहावा, तोही आपल्या त्रैमासिकात, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझी सबब इतकीच की मी शिंप्याचा मुलगा आहे. शिंप्याचा म्हणजे धंद्याने, जातीने नव्हे. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आमचे दादा नगर जिल्ह्यातून १९६० च्या सुमारास कल्याणला आले. मिशनच्या बोर्डिंगात शिवणकाम शिकले होते. जवळ एक कात्री आणि एका धर्मगुरूंची शिफारसचिठ्ठी होती. स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांनी पाय पसरता येणार नाहीत एवढी जागा भाड्याने घेतली आणि पन्नासहून अधिक वर्षे तिथेच मशीन चालवले. रेल्वेतले फिटर, कोर्टातले कारकून, शाळामास्तर ही त्यांची गिऱ्हाइके. माणूस पायऱ्या उतरताना दिसला की त्याच्या छातीचे माप दादा मनात धरत आणि टेप लावल्यावर ते अर्ध्या इंचाहून अधिक चुकत नसे.

कापड ओळखायला त्यांना डोळे लागत नसत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चिमूट धरून ती घासली की ते सांगत, “यात निम्मे प्लास्टिक आहे.” हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टर. पुढे शास्त्राच्या पुस्तकात मला त्यांच्या चिमटीचे गणित सापडले. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवतो. रेयॉन आणि लिनन त्याहून अधिक, ११-१२ टक्क्यांपर्यंत. आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे घाम येतो, पण कापड त्याला आपल्यात घेत नाही. तो पाठीवरून ओघळत राहतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम निदान उडून तरी जातो. ठाण्या-कल्याणच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की तो उडायला जागाच मिळत नाही. म्हणून आमच्याकडे नुसते कापड चांगले असून भागत नाही, कपड्याच्या आत वारा खेळावा लागतो. गिऱ्हाइकाला मे महिन्यात छातीवर चार इंच घेर जास्त द्यावा की दोन, यावर दादा जेवढा विचार करत तेवढा विचार मी माझ्या नोकरीतल्या कुठल्याच कागदावर केला नसेल.

आणि तरीही साठ आणि सत्तरच्या दशकांत उभ्या कल्याणने टेरिकॉट घातले. ते असह्य उकडे हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ते रात्री धुतले की सकाळी वाळत असे, त्याला इस्त्री लागत नसे, आणि दोन शर्टांवर एक नोकरी निभावून नेता येई. चाळीत सकाळी नळाला एक तास पाणी येई. तिथे सुती शर्टाला कांजी कोण देणार आणि कोळशाची इस्त्री कोण फिरवणार? टेरिकॉटने कारकुनाला घामाघूम केले, पण चुरगळू दिले नाही. त्या कापडाला नावे ठेवणाऱ्या लेखकांच्या घरी कपडे धुवायला बाई येत असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

आमच्या या पट्ट्यात कापड ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी प्रवासी ‘कल्लियाना’ या बंदराविषयी लिहून गेला. तिथून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड परदेशी जाते आणि तिथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे तो सांगतो. अनेक अभ्यासक हे आपले कल्याणच मानतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचे वर्णन करताना कमावलेले कातडे, कापूस आणि ‘बकरम’ यांचा उल्लेख केला आहे. त्याच्या काळी बकरम हे तलम सुती कापड होते. दादांच्या दुकानात बकरम म्हणजे कॉलरच्या आत घालायचा तो ताठ, खळ दिलेला पट्टा. सातशे वर्षांत शब्द तोच राहिला आणि तलमपणा जाऊन ताठा आला! दादांना हे मी एकदा सांगितले. ते म्हणाले, “बरोबर आहे. कॉलर ताठ असल्याशिवाय कोण विचारतो?”

विसाव्या शतकात या कापडाचे कारखाने झाले. ठाण्याला १९२५ साली लोकरीची गिरणी उभी राहिली, तीच पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली. कल्याणजवळ शहाडला आणि मोहोन्याला रेयॉन निघू लागले. भिवंडीत मागांचा खडखडाट होताच. घामाने भिजणाऱ्या ठाण्यात लोकर विणावी हा विरोधाभास खरा. पण ती लोकर बारीक धाग्याची, विरळ विणीची असते, तिला कापडबाजारात ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. हे ट्रॉपिकल खपे कधी, तर मे महिन्यात, आणि मोठ्या संख्येने आपल्याच समाजात. प्रायश्चित्तकाळात लग्ने लागत नाहीत, पुढे पाऊस येतो. मधल्या त्या पाच-सहा आठवड्यांत, अंगाची लाही होत असताना, आपला नवरदेव कोट, वास्कीट आणि टाय लावून देवळाच्या पायरीवर उभा राहतो. दादांची वर्षाची निम्मी मिळकत त्या पाच-सहा आठवड्यांत होई. मिस्सा संपून फोटो निघेपर्यंत नवरदेवाच्या कोटाची पाठ ओली झालेली असे, आणि मागच्या बाकावर बसलेले दादा ती पाठ पाहून अस्तर सुती घातले याचे समाधान मानत.

२००९ साली ठाण्याची ती गिरणी बंद झाली, मोहोन्याचा रेयॉनचा कारखानाही त्याच वर्षी थांबला. गिरणीच्या जागेवर आज उंच इमारती दिसतात. दादांचे दुकान त्यानंतर तीनएक वर्षांनी मिटले. पोरांना तयार कपड्याची चटक लागली होती, आणि तयार कपड्यात आधी पसंती होती ती जीन्सची.

जीन्सची गोष्ट तर आमच्या अगदी दाराशी घडली. मुळात जाड निळ्या कापडाला इंग्रजीत जे ‘डंगरी’ म्हणतात तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. म्हणजे खलाशांची आणि हमालांची ती वस्तू इथूनच जगात गेली आणि विलायती होऊन परत आली. ती परत आली ती उल्हासनगरात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवले गेले. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. काहीच हाती नसलेल्या त्या माणसांनी जे जे विकता येईल ते करून पाहिले, आणि त्यातून पुढे कॅम्प पाचच्या आसपास जीन्स शिवण्याचा आणि धुण्याचा मोठा धंदा उभा राहिला. नवी जीन्स निळीजर्द आणि पुठ्ठ्यासारखी कडक असते. ती गिऱ्हाइकाला आवडत नाही. त्याला ती वापरून विटलेली हवी असते. म्हणून यंत्रात सच्छिद्र दगडांबरोबर ती घुसळतात, रसायन फवारून मांडीवरचा रंग उडवतात, कधी गुडघ्यावर मुद्दाम फाडतात. हे सारे पाणी वालधुनी नदीत जाई. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी कल्याणला खाडीला मिळेपर्यंत कधी निळी, कधी काळी झालेली मी पाहिली आहे. राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रकरण गेले, २०१५ मध्ये त्याचा निवाडा आला, आणि नंतरच्या वर्षांत जीन्स धुण्याच्या कारखान्यांना टाळी लागली. काही जण यंत्रे उचलून आजूबाजूच्या गावांत गेले. नदीचे भले झाले की तिचा पत्ता तेवढा बदलला, हे नदीकाठी राहणाऱ्यांनाच विचारावे. डोंबिवलीकरांना यात नवे काही नाही. जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. ऋतूचे रंग दुकानाच्या काचेत झळकण्याआधी आमच्या गटारांत उमटतात, असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिलच्या उन्हात, लोकलच्या दारात, जाडजूड जीन्स घालून लटकणारी मुले पाहिली की दादा हळहळत. त्यांना खटकायची ती मात्र फाटलेली जीन्स. सव्वादोन हजारांना विकत घेतलेल्या पँटीचा गुडघा फाटका, हे त्यांना समजूच शकत नव्हते. “रफू करून देऊ का?” असे त्यांनी एकदा गाडीत एका अनोळखी मुलाला अगदी मनापासून विचारले होते. मुलगा हसला. दादा हसले नाहीत.

इथे मला आजोबांविषयी सांगितले पाहिजे. प्रवरेच्या काठी एका गावात ते गावकुसाबाहेर राहत. धोतर गुडघ्याच्या वर नेसायचे, खाली आणायचे नाही. नवे कापड घेतले तर ते अंगावर घालून मधल्या आळीतून जाण्याआधी त्याला धूळ चोळायची, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते खुपायचे नाही. पुढे ते मिशनमध्ये आले, बाप्तिस्मा झाला. फादरांनी त्यांना एक पांढरा सदरा दिला. रविवारी देवळात तो घालायचा आणि परत येताना वेशीच्या अलीकडे उतरवायचा, घडी करून काखोटीला मारायचा आणि उघड्या अंगाने गावात शिरायचे. दादांनी हे लहानपणी पाहिले होते. सदरा उतरवताना आजोबांचा चेहरा कसा दिसे ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. घडी मात्र कशी घालत ते हाताने करून दाखवत.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, स्वच्छ कसे राहावे, कोणती ओळखीची खूण अंगावर ठेवू नये, हे सांगितले होते. एका महासंगराच्या मध्यावर त्या पुरुषाला लुगड्याच्या निऱ्यांविषयी बोलावेसे वाटले, यात सारे आले. त्यांचा स्वतःचा सूट या हवेत किती उकडत असेल, असा प्रश्न मला शाळेत असताना पडला होता. दादांना विचारले तेव्हा ते मशीन थांबवून म्हणाले, “उकडत असणारच. पण उकडते म्हणून काढायला आधी तो अंगावर असावा लागतो.”

दादा स्वतः जन्मभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आले. उन्हाळा असो की पावसाळा, कफाची दोन्ही बटणे लावलेली. इतरांसाठी त्यांनी शेकडो बुशशर्ट कापले: अर्ध्या बाह्या, सरळ घेर, पँटीच्या बाहेर सोडायचा, कॉलरला पट्टी नाही. रेल्वेतले लोक सुट्टीसाठी ते शिवून घेत. गोऱ्या साहेबांनी उष्ण देशांत रूढ केलेला हा आरामाचा पोशाख इथल्या बाबूंनी हौसेने उचलला होता. ऐंशीच्या दशकात त्याचाच सफारी झाला. दादांच्या हातचा बुशशर्ट अंगावर असा पडे की जणू वाऱ्यानेच तो धरला आहे. पण स्वतःसाठी एकही नाही. आई म्हणे, “एक तरी शिवा हो, मे महिन्यात पाठीवर घामोळे उठते तुमच्या.” त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: “माझ्या बापाला अंग झाकू दिले नाही, मी उघडे कशाला टाकू?”

पोशाखाची सक्ती नुसती एकाच बाजूने झाली असेही नाही. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना धोतर नेसायला आणि स्त्रियांना चोळी घालायला मनाई केली होती. पुढच्याच वर्षी ठाणे मराठ्यांच्या हाती आले. म्हणजे एकाच भूमीत एका ख्रिस्ती माणसाला धोतर नेसलास म्हणून शिक्षेचे भय, आणि काही पिढ्यांनंतर दुसऱ्याला ते गुडघ्याखाली नेसलास म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये कफनी घातली तेव्हा ती त्यांनी आपणहून निवडली होती. निवडीचे सुख आमच्या आजोबांच्या वाट्याला आले नाही. आज फडके रोडवर पाडव्याच्या दिवशी हजारो तरुण धोतर नेसून येतात. डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा हीच आमच्याकडची वसंतातली खरी फॅशन. धोतरही कसे, तर शिवून तयार, कमरेला इलॅस्टिक आणि बाजूला मोबाइलचा खिसा. ते घातलेला मुलगा कोणत्या आळीतला आहे हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही. दादांना मी एका पाडव्याला तिथे घेऊन गेलो होतो. बराच वेळ ते कडेला उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, “निऱ्या बऱ्या पाडल्यात. मशीनच्या आहेत, पण बऱ्या आहेत.”

कपड्यांचा सैलपणा आता कचेऱ्यांतही शिरला आहे आणि त्याला कारणेही आहेत. जपान सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात आपल्या नोकरदारांना कोट-टाय काढून ठेवायला सांगितले, म्हणजे वातानुकूलन यंत्र २८ अंशांवर ठेवून वीज वाचवता येईल. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम कनिष्ठ न्यायालयांतल्या वकिलांना उन्हाळ्यात काळ्या कोटातून सूट देतात. तरी कल्याणच्या कोर्टाबाहेर मे महिन्यात कोट हातावर टाकून धावणारे वकील मी पाहिले आहेत, न जाणो साहेबांना आवडले नाही तर! मग २०२० ची टाळेबंदी आली आणि माणसे वर शर्ट, खाली चड्डी अशा वेशात संगणकापुढे बसली. त्याच वर्षी डिसेंबरात राज्य सरकारने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट घालून कार्यालयात यायला बंदी केली, शुक्रवारी खादी वापरावी असेही सुचवले. पुढल्या वर्षी जीन्सपुरती ती बंदी मागे घेतली गेली. आमच्या धर्मग्रामातही सूचनाफलकावर कागद लागला: अर्धी चड्डी घालून मिस्साला येऊ नये. कागद लावणाऱ्यांचे मला चुकीचे वाटत नाही. पण वेदीसमोर कोणाचे गुडघे दिसतात यापेक्षा ते टेकतात का, याची चौकशी आधी व्हावी असे मात्र वाटते.

माझा मुलगा ऐरोलीला एका संगणक कंपनीत आहे. तो कामावर गोल गळ्याचा टी-शर्ट आणि नाडीची पँट घालून जातो. शुक्रवारी तर चड्डीत. एका सकाळी दादांनी त्याला दारात अडवले.

“असाच निघालास?”

“आबा, आमचा साहेबसुद्धा चड्डीत येतो.”

“साहेब येऊ शकतो, बाळा.”

मुलगा थबकला. त्याला उत्तर सुचत नव्हते असे नाही. त्याच्या पिढीकडे उत्तरे तयार असतात. पण आजोबांच्या कफाच्या बटणांकडे पाहून तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने मला विचारले की आबा नेमके काय म्हणाले. मग मी त्याला प्रवराकाठच्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. ती त्याला आधी कोणीच सांगितली नव्हती. मी सांगितली नव्हती कारण त्याने ती घेऊन लोकलच्या गर्दीत फिरू नये असे मला वाटे, आणि त्या निर्णयाचे मला आजही वाईट वाटत नाही. प्रत्येक गोष्टीचे एक वय असते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बाबा, पण मी चड्डी घालतो आणि कोणी काही म्हणत नाही, हे आबांना चांगले नाही का वाटत?” दोघांचेही म्हणणे मला पटते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची ही नेहमीचीच अडचण.

पुढच्या आठवड्यात तो ठाण्याहून सव्वादोन मीटर लिनन घेऊन आला, फिकट आकाशी. दादांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, “आबा, शर्ट शिवा. सध्या चालतो तसला.” आणि मोबाइलवर चित्र दाखवले. दादांनी चष्मा पुसून ते पाहिले. उघडी कॉलर, अर्ध्या बाह्या, सरळ घेर. त्याला आता इंग्रजीत क्यूबाचे नाव देतात. “हा बुशशर्ट,” दादा म्हणाले, “पासष्ट साली चार रुपये शिलाई घेत होतो.” मग चिमटीत कापड धरले. इतक्या वर्षांत लिनन त्यांच्या हाती क्वचितच आले होते. मी म्हटले, “जवसाच्या जातीच्या झाडाचे तंतू आहेत. आपण चटणी करतो ना, ते जवस. बायबलमध्ये अरिमथाईच्या योसेफाने प्रभूचे शरीर ज्यात गुंडाळले ते कापड हेच.” दादा म्हणाले, “तिथे तर तागाचे लिहिलेय.” खरेच, आपल्या मराठी बायबलमध्ये लिननला ताग म्हटले आहे. त्या अनुवादकांना दुसरा जवळचा शब्द सापडला नसेल. पण श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यातला श्रीमंत तागाची तलम वस्त्रे घालतो हे ऐकताना आम्ही पोरे गोणपाट डोळ्यांपुढे आणत असू. दादा ते आकाशी कापड पुन्हा पुन्हा बोटांत फिरवत राहिले.

लिनन आटते, म्हणून त्यांनी ते रात्रभर बादलीत भिजत घातले, सकाळी गॅलरीत दोरीवर टाकले आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री केली. दादांचा हात आता थरथरतो. मशीन ते चालवत नाहीत. खडूच्या रेघा त्यांनी आखल्या, कात्री मी धरली, आणि शिलाई शेजारच्या इमारतीत ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी केली. बगलेत आणि कुशीला त्यांनी एक-एक इंच माया ठेवायला लावली. “अंग भरेल त्याचे पुढे,” असे म्हणाले. शर्ट अंगावर घालून मुलगा आरशापुढे वळून वळून पाहू लागला. मागून वारा आला तेव्हा त्याची पाठ फुगली आणि खाली बसली. दादांनी मान हलवली.

मुलाने मग आणखी एक तागा आणला. तागा कसला, अडीच मीटर. तोच रंग. या वेळी माप आबांचे घ्यायचे होते. दोन दिवस दादा नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “शिवा. पण बाही पूर्ण. आणि कफाला दोन बटणे.”

तसाच शिवला. रविवारी मिस्साला ते तो घालून गेले, दोन्ही बटणे लावून. परत आल्यावर दुपारी वीज गेली. बाहेर ऊन मी म्हणत होते. पंखा थांबला तसे ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, घड्या अगदी सारख्या, दोन-दोन इंचांच्या. पाण्याचा पेला घेताना त्यांनी विचारले, “मीटर काय भावाने घेतले रे त्याने?”

मी निम्मा भाव सांगितला.

“महाग आहे,” ते म्हणाले.